भिंतीतली वीज आणि दारातली मोटार

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता घोडेगाव आणि वडाळा बहिरोबा ही गावे मागे टाकून नेवासा फाट्याशी येतो, आणि तेथून पुढे प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात प्रवेश करतो. फाट्यावरून आत वळले म्हणजे थोड्याच अंतरावर प्रवरेच्या काठी ते नेवासे लागते, जेथे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि जेथील पैस खांबाच्या दर्शनाला माणसे अजूनही दूरदूरून येतात. या येणाऱ्यांच्या, आणि ऊस-कांद्यावर ज्यांचे संसार उभे आहेत अशा येथल्या बागायतदारांच्याही दारांत आता विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. प्रवासात असणाऱ्याला हमरस्त्यावरील जलद चार्जिंगची सोय पुरते. परंतु ज्याचे घर नेवाशात किंवा आसपासच्या एखाद्या वस्तीवर आहे, त्याची मोटार रात्रभर त्याच्याच अंगणात उभी असते, आणि तिच्या उदरनिर्वाहाची तजवीज त्याला घरातल्या पॉवर प्लगवरूनच करावी लागते. त्यासाठी जे उपकरण वापरतात त्याला पोर्टेबल चार्जर म्हणतात. ते कोणत्या कंपनीचे घ्यावे, किती किमतीचे घ्यावे, याची चौकशी लोक मोठ्या उत्साहाने करतात. ज्या भिंतीत ते खोचावयाचे त्या भिंतीची चौकशी मात्र फारच थोडे लोक करतात. हा क्रम उलटा व्हावा, आधी भिंत तपासली जावी आणि मग चार्जर निवडला जावा, असे मला मनापासून वाटते, आणि ते का, हे पुढे सविस्तर मांडीत आहे.

प्रथम या उपकरणाचे खरे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. एका टोकाला घरगुती तीन पिनांचा मोठा प्लग, दुसऱ्या टोकाला मोटारीत बसणारी ‘गन’, आणि मध्ये वहीएवढी एक पेटी, असे त्याचे बाह्य रूप असते. नाव चार्जर असले, तरी बॅटरी भरण्याचे काम ही पेटी करीत नाही. घरातील प्रत्यावर्ती प्रवाहाचे बॅटरीला मानवणाऱ्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या पोटातच बसविलेले असते. पेटीकडे पहारेकऱ्याचे काम सोपविलेले असते. गन मोटारीत बसली, की तिच्यातील सात पिनांपैकी एका पिनेवरून पेटी मोटारीला सेकंदाला एक हजार वेळा चढणारा-उतरणारा एक क्षीण विद्युत्संकेत पाठविते. त्या संकेताचा चढता भाग किती वेळ टिकतो यावरून ‘येथून तुला सोळा अँपिअर मिळतील’ किंवा ‘दहाच मिळतील’ हे मोटारीला कळते. मोटार त्या संकेताचा दाब बारा व्होल्टांवरून नऊवर आणून आपली उपस्थिती कळविते, सहावर आणून आपली सिद्धता कळविते, आणि तेव्हाच पेटीतील रिले ‘टक्’ असा आवाज करून खरी वीज पुढे सोडते. गन काढताना हा संवाद तुटतो आणि वीज तत्काळ थांबते. म्हणजे हातात धरलेल्या गनेत, ती मोटारीत नीट बसेपर्यंत, जिवंत वीज नसते. त्याखेरीज अर्थिंग आहे की नाही, प्रवाह कोठे गळतो आहे काय, पेटी फाजील तापली आहे काय, यांवरही ही पेटी नजर ठेवते, आणि कसूर दिसली की तांबडा दिवा लावून काम थांबविते. तांबडा दिवा लागला की ‘चार्जर खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे पुष्कळ असतात. बहुतेक प्रसंगी त्या बिचाऱ्या पेटीने घराचा दोष प्रामाणिकपणे दाखविलेला असतो.

आता हिशेब पाहू. लहान व मध्यम आकाराची मोटार एका युनिटात साधारणतः सहा-सात किलोमीटर चालते. नेवाशाहून अहिल्यानगरला जाऊन परत यावयाचे म्हणजे सुमारे १२० किलोमीटर, अर्थात बॅटरीतील सतरा युनिटे. रूपांतरात होणारी घट धरली तर भिंतीतून घ्यावयाची सुमारे एकोणीस. २३० व्होल्ट आणि १५ अँपिअर या हिशेबाने ताशी जवळजवळ साडेतीन युनिटे मिळतात, तेव्हा हे काम साडेपाच तासांत उरकते. परंतु प्रवाह १० अँपिअरवर उतरविला तरी सव्वाआठ तास पुरतात, म्हणजे रात्री दहाला जोडलेली मोटार सकाळच्या चहापर्यंत तयार असते. ज्याला रोज शाळेत, बँकेत किंवा कारखान्यावर जाऊन-येऊन तीस-चाळीस किलोमीटर करावयाचे आहेत, त्याला तर एवढीही गरज नाही. घाई ही चार्जिंगमधली सर्वांत महाग चीज आहे, आणि रात्रभर घरी उभ्या असणाऱ्या मोटारीला ती सहसा नसतेच.

म्हणूनच ७.२ किलोवॅटचा, ३२ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर केवळ मोठा आहे एवढ्यासाठी घेणे मला योग्य वाटत नाही. मोटारीच्या पोटातील यंत्र जेवढे घेऊ शकते तेवढेच ती घेते. २०२० साली बाजारात आलेल्या टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीतील हे यंत्र ३.३ किलोवॅटचे होते, तिला ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला तरी ती एका मिनिटानेही लवकर भरत नाही. तेव्हा आपल्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा आधी पाहावा. शिवाय घराच्या साध्या पॉवर प्लगमधून ३२ अँपिअर घेता येत नाहीत. त्यासाठी निराळे सॉकेट, निराळी जाड तार, आणि बहुधा मंजूर भार वाढविण्यासाठी महावितरणकडे अर्ज, एवढा सारा प्रपंच करावा लागतो. तो करावयाचाच असेल तर भिंतीवर कायमचा चार्जर बसवून घेणे अधिक शहाणपणाचे.

साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरांमध्ये निवड करताना मी तीन गोष्टींकडे पाहीन. प्रवाह कमी करण्याची सोय, म्हणजे सोळा, दहा, आणि शक्य तर आठ अँपिअर. प्लगाच्या आतच बसविलेला तापमापक, जो पिना तापू लागताच प्रवाह उतरवितो किंवा तोडतो. आणि पेटीवर स्पष्ट छापलेला मानकांचा तपशील, ज्यात या प्रकारच्या उपकरणांसाठी असलेले आयईसी ६२७५२ किंवा आपल्या आयएस १७०१७ मालिकेचा निर्देश असावा. गनेचा प्रकार टाइप-टू आहे, याचीही खातरजमा करावी. मोटारीबरोबर आलेला चार्जर असेल तर प्रश्नच मिटला; तो मोटारीच्या हमीत धरलेला असतो. पेटीवर उत्पादकाचे नावच नाही असा स्वस्त माल कोणी घरपोच आणून देत असेल, तर तो बिनदिक्कत परत करावा.

आता भिंतीकडे वळतो. आपल्या घरांत पॉवर प्लग बसविले जातात ते गिझर, इस्त्री, पाण्याची मोटार यांच्यासाठी. गिझर दोन किलोवॅटचा असला तरी दहा-पंधरा मिनिटे चालतो, इस्त्री तापली की आपोआप बंद होते, पाण्याची मोटार अर्ध्या तासात टाकी भरते. ज्या प्लगाने दहा वर्षे गिझर निमूटपणे चालविला, तोच प्लग विजेची मोटार जोडल्यावर महिन्याभरात का जळतो, हे न उमगल्यामुळे लोक अचंबित होतात. परंतु त्यात अचंबा वाटण्याजोगे काही नाही. पंधरा अँपिअरचा अखंड प्रवाह सहा-सहा, आठ-आठ तास वाहणे हा प्रकार घरातील दुसऱ्या कोणत्याही उपकरणाच्या बाबतीत घडत नाही. सॉकेटातील पितळी पाकळ्या सैल झाल्या, किंवा मागच्या बाजूचा तारेचा स्क्रू थोडा ढिला राहिला, तर त्या ठिकाणी समजा एक दशांश ओहम एवढाच अवरोध निर्माण झाला. प्रवाहाचा वर्ग करून त्याला अवरोधाने गुणले असता उष्णतेचे मान निघते, या ज्यूलच्या नियमाप्रमाणे पंधरा अँपिअरला त्या बिंदूवर साडेबावीस वॅट उष्णता सतत उत्पन्न होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगचे आयर्न साधारण एवढ्याच वॅटचे असते. ते प्लास्टिकच्या डबीत बंद करून रात्रभर चालू ठेवावे, तसा हा मामला आहे. प्रवाह दहावर आणला तर तीच उष्णता दहा वॅटवर, म्हणजे निम्म्याहूनही खाली येते. प्रवाह एक तृतीयांशाने कमी करण्याचा लाभ असा दुपटीहून अधिक मिळतो.

हा बिघाड कसा ओळखावा, ते प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला, की प्लगाच्या प्लास्टिकवर हाताचा पालथा भाग टेकवावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर त्याच क्षणी चार्जिंग थांबवावे. प्लग बाहेर काढून पिना उजेडात पाहाव्यात. तीनही पिना सारख्या चकचकीत असतील तर चिंता नाही. एक पिन, बहुधा फेजची, मुळाशी काळपट-निळसर झाली असेल, सॉकेटाच्या पांढऱ्या तोंडावर त्याच छिद्राभोवती तपकिरी वलय उमटले असेल आणि जळक्या प्लास्टिकचा उग्र दर्प येत असेल, तर ते सॉकेट संपले. त्यातील पाकळी एकदा तापून नरम पडली की तिचा ताण पुन्हा येत नाही. स्क्रू आवळून भागत नाही, सॉकेटच बदलावे लागते. माझी सूचना अशी, की मोटारीसाठी आयएस १२९३ चे चिन्ह असलेले उत्तम प्रतीचे सोळा अँपिअरचे सॉकेट अगदी स्वतंत्र बसवून घ्यावे, त्यावर दुसरे काहीही जोडू नये, आणि पेटी प्लगाला लोंबकळत न ठेवता तिच्यासाठी भिंतीत खुंटी किंवा हूक ठोकावा. पेटीचे वजन रात्रंदिवस पिना खाली ओढीत राहते, आणि पाकळ्या सैल होण्याचे ते एक फार मोठे कारण आहे. एक्स्टेंशन बोर्ड तर संपूर्ण वर्ज्य समजावा.

मीटरपासून मोटारीच्या शेडपर्यंत अंतर बरेच असते, विशेषतः मळ्यातील घरांत. तीस मीटरवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली तर पंधरा अँपिअरला वाटेतच सुमारे बारा व्होल्ट आणि १८० वॅट खर्ची पडतात. अडीचची टाकली तर सात व्होल्ट आणि शंभरावर थोडे वॅट. चारची टाकली तर साडेचार व्होल्ट आणि सत्तरच्या आत. ही वीज मीटरमध्ये मोजली जाते, पण बॅटरीत पोहोचत नाही; ती तार तापविण्यात जाते. म्हणून चार चौरस मिलिमीटरची अखंड तार, मध्ये कोठेही सांधा न देता, आणि तिच्यासाठी बोर्डावर स्वतंत्र एमसीबी व प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा टाइप-ए आरसीसीबी, एवढी तरतूद करणे हितावह. ज्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या जुन्या तारा आहेत, तेथे त्या तारांवर हा भार टाकूच नये.

भिंतीच्या तपासणीत अर्थिंगचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत उपेक्षित आहे. नेवासे तालुक्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि वैशाखात भेगाळते. अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेली पाइप किंवा पत्रा भाद्रपदात उत्तम काम देतो, आणि त्याच पाइपेभोवतीची माती एप्रिल-मे महिन्यांत कोरडी पडून आक्रसली की तिचा अवरोध कितीतरी वाढतो. हिवाळ्यात सुरळीत चाललेला चार्जर उन्हाळ्यात एकाएकी तांबडा दिवा दाखवू लागतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. आपल्याकडील जुने वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून ‘दिवा भरपूर लागतो, अर्थिंग चोख आहे’ असा निर्वाळा देतात. ही परीक्षा अपुरी आहे. अर्थिंगचा अवरोध पन्नास ओहम असला, तरी तो दिवा ऐंशीहून अधिक वॅटने जळतो आणि डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. पण खरोखरीच्या दोषाच्या प्रसंगी त्या पन्नास ओहममधून पाच अँपिअरदेखील वाहणार नाहीत, सोळा अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि मोटारीचे सारे धातूचे अंग विजेने भारलेले राहील. ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या लेकराने त्या मोटारीला हात लावला तर काय होईल, याचा विचार प्रत्येक घरधन्याने करावा. आरसीसीबी बसविण्याचा आग्रह एवढ्याचसाठी आहे, आणि अर्थ टेस्टर नावाचे मापनयंत्र असलेल्या परवानाधारक तंत्रज्ञाकडून एकदा उन्हाळ्यात मोजणी करून घेण्याचा आग्रहही. न्यूट्रल आणि अर्थ यांतील दाब दोन-चार व्होल्टांपेक्षा जास्त निघाला तर दोष शोधावा. तिसरी पिन न्यूट्रलला जोडून तांबडा दिवा घालविण्याची जी युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते, ती जिवावर बेतणारी आहे. न्यूट्रल कोठे तुटला तर त्याच क्षणी फेजचा दाब मोटारीच्या पत्र्यावर येतो. घरच्या जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर हा चार्जर बहुधा चालत नाही, त्याचेही कारण हेच. तेथे न्यूट्रलचा जमिनीशी संबंध नसतो आणि पेटीला अर्थिंग सापडत नाही.

आता भिंतीपर्यंत येणाऱ्या विजेकडे पाहू. गावठाणातील फीडर आणि शेतीचा फीडर यांतला भेद येथे सर्वांना ठाऊक आहे. वस्तीवर थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री पाळीपाळीने येते, आणि ती आली की एकाच डीपीवरील सगळे पंप एकदम सुरू होऊन दाब झपाट्याने उतरतो. २३० व्होल्टांपासून सहा टक्क्यांहून अधिक फरक पडू नये असा नियम असला, तरी उसाला पाणी देण्याच्या दिवसांत तो १८० वर आलेला दिसतो. तेव्हा पंधरा अँपिअरला साडेतीनऐवजी २.७ युनिटेच ताशी मिळतात, आणि दाब आणखी ढळला तर मोटार स्वतःच चार्जिंग थांबविते. वस्तीवर राहणाऱ्याने प्लगजवळ व्होल्टेज दाखविणारे लहानसे मीटर बसवावे आणि पंपांच्या पाळ्या टाळून वेळ ठरवावी.

या संदर्भात कायद्याची बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. मोटार घरच्या मीटरवर भरण्यास पूर्ण मुभा आहे. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. मात्र साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मिळणारी मोफत वीज केवळ शेतीसाठी आहे. विहिरीवरच्या जोडणीतून मोटार भरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. तारेवर आकडा टाकणे ही तर सरळ चोरी, तिला कलम १३५. घराच्या मीटरवर महिन्याला हजार किलोमीटरसाठी सुमारे १६० युनिटांची भर पडते, आणि आपले दर १००, ३००, ५०० अशा टप्प्यांनी चढत असल्यामुळे ही भर नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसते. नुसता सरासरी दर धरून केलेला हिशेब म्हणून फसवा ठरतो. गेल्या वर्षाची बिले पुढे ठेवून, आणि चार्जिंगसाठीच्या स्वतंत्र जोडणीचा दर विचारून मगच निर्णय घ्यावा.

पोर्टेबल चार्जरचा पोर्टेबलपणा खरा उपयोगी पडतो तो पाहुण्याला. पुण्याहून शिंगणापूरचे दर्शन करून भाऊ-वहिनी संध्याकाळी वस्तीवर मुक्कामाला आले, आणि ‘दादा, एक पॉवर प्लग मिळेल का?’ असे विचारते झाले, तर नाही म्हणवत नाही. अशा अनोळखी भिंतीवर प्रवाह आधीच दहावर, शक्य असेल तर आठवर आणून ठेवावा, पहिल्या तासानंतर प्लग चाचपावा, आणि घरातील गिझर व पाण्याची मोटार तेवढा वेळ चालवू नये.

वापराचा शिरस्ता साधा आहे: आधी प्लग भिंतीत, स्विच चालू, पेटीचे दिवे स्थिर झाले की गन मोटारीत, काढताना मोटार उघडून गन आधी, भिंतीचा प्लग नंतर. चालू स्विचवर प्लग ओढून काढला की ठिणगी पडून पिना खरवडतात. केबल गुंडाळीत न ठेवता मोकळी पसरावी. पेटी पाण्याच्या शिंतोड्यांना दाद देत नाही, पण सॉकेट देते. तेव्हा जून ते सप्टेंबर सॉकेटवर झाकणाची पेटी आणि वर पत्र्याचे छप्पर हवेच. गनेचे तोंड जमिनीवर पडू देऊ नये, त्यात माती किंवा गांधीलमाशीचे घर झाले तर पिना नीट बसत नाहीत. मे महिन्यात लांबच्या प्रवासाहून आलेली मोटार लगेच जोडण्यापेक्षा उशिरा रात्री जोडावी. बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची असेल तर अधूनमधून पूर्ण भरणे उत्पादक सुचवितात, इतर प्रकारांत रोज ऐंशी टक्क्यांवर थांबणे बरे. याविषयी पुस्तिकेतले वाक्य हेच प्रमाण मानावे.

ज्यांच्या छपरावर ऊन भरपूर आहे, आणि नेवाशात ते कोणाच्या छपरावर नाही, त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचा विचार याच वेळी करावा. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे, आणि असा संच स्वच्छ दिवशी सुमारे बारा युनिटे देतो. एवढ्यात मोटार सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जाते. ज्यांची मोटार दुपारी घरीच असते त्यांना पंपांची पाळी, उतरलेला दाब आणि बिलाचे टप्पे या तिन्ही अडचणी त्यामुळे सौम्य होतात. संच बसविणारा माणूस नवे अर्थिंग पुरण्यासाठी अंगण खणणारच असतो. त्याच खेपेला शेडपर्यंतचा चर खणून चार चौरस मिलिमीटरची तार पाइपमधून नेऊन ठेवावी, मोटार यावयाची असो वा आलेली असो, म्हणजे मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.